पूर्वकर्म आणि पूर्वगामी : मूलपेशी-प्रत्यारोपणाच्या सिद्धतेचा ऐतिहासिक विचार

१

सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म असे तीन विभाग सांगितले आहेत. साहित्याची जुळवाजुळव व रुग्णाची सिद्धता हे पूर्वकर्म, प्रत्यक्ष शस्त्रक्रिया हे प्रधानकर्म आणि त्यानंतरची निगा हे पश्चात्कर्म होय. नावाप्रमाणेच ह्यांतील मधला विभाग मुख्य मानावयाचा. रक्ताच्या दुर्धर रोगांवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मूलपेशी-प्रत्यारोपणाची जी चिकित्सा सिद्ध झाली, तिने मात्र ह्या विभागांचा तोल पालटून टाकला. तिच्यातील प्रधानकर्म पाहणाऱ्याच्या नजरेत भरण्याजोगे नाही. दात्याच्या अस्थिमज्जेतून किंवा रक्तातून काढलेल्या मूलपेशी एका पिशवीतून रुग्णाच्या शिरेत सोडावयाच्या, एवढेच ते असते. रक्त चढविण्याहून निराळे असे त्यात काही दिसत नाही आणि काही तासांत ते उरकते. खरे कठीण कर्म त्याच्या अगोदरच्या दिवसांत घडून गेलेले असते. तीव्र औषधांच्या किंवा प्रारणांच्या साहाय्याने रुग्णाची स्वतःची रोगग्रस्त मज्जा नष्ट केली जाते आणि परक्या पेशींना विरोध करण्याची त्याच्या शरीराची शक्ती मोडून काढली जाते. इंग्रजी वैद्यकात ह्या पूर्वकर्मास ‘कंडिशनिंग’ अशी संज्ञा आहे.

ह्या पूर्वकर्माचे एक लक्षण ध्यानात घेतल्यावाचून पुढील इतिहास उलगडत नाही. पूर्ण मात्रेचे कंडिशनिंग एकदा आरंभिले म्हणजे परतीची वाट बहुधा उरत नाही. मज्जा नष्ट झालेल्या रुग्णाच्या शरीरात नव्या पेशी रुजल्या नाहीत, तर त्याचा टिकाव लागणे कठीण होते. शिवाय ह्याच काळात जंतुसंसर्गाच्या भयास्तव त्यास इतरांपासून अलग ठेवावे लागते. तेव्हा जे काही विचारावयाचे, ठरवावयाचे आणि मनाशी बांधावयाचे, ते त्या खोलीचे दार बंद होण्यापूर्वीच उरकावे लागते. अन्य रोगांत रुग्ण उपचार चालू असता हळूहळू शिकत जातो. येथे त्यास अगोदर शिकावे लागते.

वैद्यांनी करावयाचे पूर्वकर्म कसे घडत गेले, ह्याचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. रुग्णाने करावयाच्या सिद्धतेचा इतिहास त्यामानाने दुर्लक्षित राहिला. वास्तविक हे दोन इतिहास परस्परांत गुंतलेले आहेत. परंतु त्यांचा आरंभ एकाच वर्षी झालेला नाही. पहिला प्रयोगशाळेत सुरू होतो. दुसरा सुरू होण्यास कोणी तरी त्या वाटेने जाऊन जिवंत परत यावे लागते. ह्या दोन आरंभांमधील अंतर, आणि ते मिटल्यावर रुग्णांनी रुग्णांसाठी उभारलेली परंपरा, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

२

१९५७ मध्ये अमेरिकन वैद्य ई. डॉनल टॉमस आणि त्यांचे सहकारी ह्यांनी सहा रुग्णांच्या शिरेत परकी अस्थिमज्जा सोडल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मज्जा शिरेतून सुरक्षितपणे देता येते, एवढे त्यावरून सिद्ध झाले. परंतु त्या सहांपैकी कोणीही शंभर दिवसांपलीकडे जगला नाही. १९५९ मध्ये टॉमस ह्यांनीच ल्यूकेमिया झालेल्या रुग्णांस त्यांच्या एकसारख्या जुळ्या भावंडांची मज्जा दिली. मज्जा रुजली, पण काही महिन्यांतच रोग उलटला.

ह्याच काळातील व्हिंचा येथील प्रकरण आपल्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. ऑक्टोबर १९५८ मध्ये बेलग्रेडनजीकच्या व्हिंचा येथील अणुसंशोधनसंस्थेत अपघात होऊन सहा जणांवर तीव्र प्रारणांचा मारा झाला. त्या सर्वांस पॅरिस येथे नेण्यात आले. तेथे जॉर्ज माते ह्यांनी त्यांपैकी पाच जणांस अपरिचित फ्रेंच नागरिकांनी स्वेच्छेने दिलेली मज्जा दिली. एक जण दगावला, बाकीचे वाचले. ते परक्या मज्जेमुळे वाचले की त्यांची स्वतःची मज्जा सावरल्यामुळे, ह्याविषयी तज्ज्ञांत मतभेद राहिला आहे. परंतु येथे प्रश्न निराळा आहे. एका अपघाताने एकाच वेळी एकाच रुग्णालयात आणलेले हे सहा जण शब्दशः सहरुग्ण होते. एकमेकांस धीर देण्यासारखी त्यांची स्थिती होती. पुढे काय होणार, हे मात्र त्यांतील एकही दुसऱ्यास सांगू शकत नव्हता. सहरुग्ण आणि पूर्वगामी ह्या दोन नात्यांमधील भेद येथे स्पष्ट होतो. दुःख समान असले म्हणजे माणूस समदुःखी होतो. वाटाड्या होण्यासाठी तो त्या वाटेने पुढे जाऊन आलेला असावा लागतो.

पुढील दशकातही असे वाटाडे निर्माण झाले नाहीत. १९७० मध्ये मॉर्टिमर बॉर्टिन ह्यांनी तोवर प्रसिद्ध झालेल्या मानवी मज्जारोपणांचा आढावा घेतला. त्यात २०३ प्रत्यारोपणे आढळली आणि बहुसंख्य रुग्ण मरण पावलेले होते. अनेक संशोधकांनी हा नाद सोडून दिला, तो ह्याच सुमारास. त्या रुग्णांचा रोग, त्यांना दिलेले उपचार आणि त्यांचा शेवट वैद्यकीय नियतकालिकांत नमूद आहे. आपणांस काय सांगितले गेले, आपण काय समजलो, कोणत्या आशेने संमती दिली, ह्याविषयीचे त्यांचे शब्द त्या नोंदींत नाहीत. पूर्वगामींच्या परंपरेचा इतिहास लिहिताना तिच्या आधीची ही मौनाची सुमारे पंधरा वर्षे विसरता येत नाहीत.

३

मौन फुटण्यास प्रथम दात्याची पारख साध्य व्हावी लागली. १९५८ मध्ये झाँ दोसे ह्यांनी पांढऱ्या रक्तपेशींवरील एका प्रतिजनाचा शोध लावला. त्यातूनच पुढे एच.एल.ए. ह्या नावाने ओळखली जाणारी जुळणीची पद्धती विकसित झाली आणि भावंडांपैकी कोणाची मज्जा रुग्णाशी जुळते, हे अगोदर ताडता येऊ लागले. १९६८ मध्ये मिनेसोटा येथे रॉबर्ट गुड ह्यांनी जन्मजात प्रतिकारशून्यता असलेल्या एका अर्भकास त्याच्या बहिणीची मज्जा दिली, आणि ते मूल वाचले. टॉमस १९६३ मध्येच सिअ‍ॅटल येथे गेले होते. तेथे १९७५ मध्ये फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले आणि ह्या चिकित्सेचे ते मुख्य पीठ बनले.

१९७७ मध्ये सिअ‍ॅटलच्या गटाने तीव्र ल्यूकेमियाच्या १०० रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. हे सर्व रुग्ण रोगाच्या अंतिम अवस्थेतील होते. अन्य उपाय थकल्यावरच त्यांजवर प्रत्यारोपण करण्यात आले होते. त्यांपैकी १३ जण रोगमुक्त स्थितीत जिवंत राहिले. वैद्यकाच्या दृष्टीने ह्या आकड्याचा अर्थ असा की, प्रत्यारोपण अंतिम अवस्थेत न करता रोग प्रथम आटोक्यात आल्याबरोबर करावे. आणि १९७९ पासून तसे प्रयत्न होऊन फळही अधिक चांगले आले. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याच आकड्याचा दुसरा अर्थ असा की, पुढील रुग्णास स्वानुभवाने काही सांगू शकतील अशी माणसे आता डझनाच्या संख्येने अस्तित्वात आली होती.

त्यांचे सांगणे पुढच्यांपर्यंत पोहोचण्यास उपचारांच्या घडणीनेच वाव दिला. नव्या पेशी रुजल्यावरही त्या यजमान-शरीरावर हल्ला करू शकतात. हा उपद्रव व जंतुसंसर्ग ह्यांवर लक्ष ठेवण्यासाठी दूरदूरहून आलेल्या रुग्णांस सुमारे शंभर दिवस केंद्राच्या आसपासच राहावे लागे. बाह्यरुग्ण-विभागात बसलेला सत्तराव्या दिवसाचा रुग्ण आणि अद्याप दाखल व्हावयाचा रुग्ण ह्यांची भेट अशा रीतीने अटळ झाली. औषधे व रक्त देण्यासाठी छातीतील मोठ्या शिरेत बसवावयाची जी नलिका सिअ‍ॅटलच्या रॉबर्ट हिकमन ह्यांनी १९७९ च्या सुमारास प्रचारात आणली, ती ह्याच रुग्णांसाठी होती. ती कशी बसविली जाते हे शल्यवैद्य सांगे. ती छातीवर असताना स्नान कसे करावे आणि कोणत्या कुशीवर निजावे, हे ती वागविणाराच नेमके सांगू शके.

४

रुग्णाने रुग्णास साहाय्य करावे ही कल्पना तोवर अमेरिकेत अपरिचित राहिलेली नव्हती. मद्यासक्तांची ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना १९३५ मध्ये निघाली होती. स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झालेल्या टेरीस लॅसर ह्यांनी १९५२ मध्ये ‘रीच टु रिकव्हरी’ हा उपक्रम आरंभिला. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीस तशाच प्रसंगातून गेलेल्या दुसऱ्या स्त्रीने भेटावे, असे त्याचे स्वरूप होते. परंतु ही भेट प्रधानकर्मानंतरची होती. झालेली हानी पत्करून पुन्हा संसारात कसे उभे राहावे, हे तिचे प्रयोजन होते. प्रत्यारोपणाच्या बाबतीत हे साहाय्य पूर्वकर्माच्याही अगोदर सरकले. आरंभी सांगितलेले परतीची वाट नसणे हे त्याचे कारण होय.

ह्या बदलास संस्थारूप आले ते १९९० मध्ये. सुसान स्ट्यूअर्ट ह्यांच्यावर ल्यूकेमियासाठी १९८९ मध्ये मज्जारोपण झाले होते. आपल्या तयारीच्या काळात वैद्यांसाठी लिहिलेले प्रबंध आणि ओझरती आश्वासने ह्यांच्या मधल्या जागेत सामान्य वाचकास समजेल असे वाङ्मय जवळजवळ नाही, हे त्यांस जाणवले. इलिनॉय राज्यातील हायलँड पार्क येथून त्यांनी ‘बीएमटी न्यूजलेटर’ हे पत्रक सुरू केले आणि १९९२ मध्ये रुग्णांसाठी मज्जारोपणाची प्राथमिक माहिती देणारे पुस्तकही प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मिशिगन राज्यात ‘नॅशनल बोन मॅरो ट्रान्सप्लांट लिंक’ ही संस्था निघाली. दाखल होऊ घातलेल्या रुग्णाची प्रत्यारोपण झालेल्या व्यक्तीशी दूरध्वनीवरून गाठ घालून देणे, हे अशा संस्थांचे एक प्रमुख कार्य झाले.

ह्या गाठी घालताना अवलंबिलेले तत्त्व लक्षणीय आहे. ज्याप्रमाणे दात्याची मज्जा रुग्णाशी जुळवून पाहतात, त्याप्रमाणे येथे सोबत्याचीही जुळणी करतात. रोग कोणता, प्रत्यारोपण स्वतःच्याच साठविलेल्या पेशींचे की दुसऱ्याच्या, वय काय, घरी लहान मुले आहेत काय, ह्या गोष्टी विचारात घेऊन त्यातल्या त्यात जवळचा अनुभव असलेला माणूस निवडावयाचा. तरुण मातेचा पहिला प्रश्न बहुधा मुलांना किती दिवस पाहता येणार नाही, हा असतो. साठीच्या पुरुषाने त्यास दिलेले उत्तर बरोबर असूनही तिच्या उपयोगी पडत नाही.

५

पूर्वगामी पुढच्यास जे देतो, त्यातील बराचसा भाग भाषा असते. प्रत्यारोपणकेंद्रांत दिवस एका विशिष्ट रीतीने मोजतात. पेशी देण्याचा दिवस ‘शून्य’; त्याच्या आधीचे दिवस ऋण आणि नंतरचे धन. ‘उणे सहा’ ह्या दिवशी दाखल होणे, ‘अधिक चौदा’ ह्या दिवशी पेशी उगवणे, ही मूळची नोंदवहीची परिभाषा. ती रुग्णांनी आपलीशी केली आणि तीतून स्वतःचे पंचांग निर्माण केले. शून्य दिवसास ‘दुसरा जन्मदिवस’ म्हणण्याची चाल त्यांच्यात सर्वत्र आढळते. लहानपणी टोचलेल्या लसींचा प्रभाव प्रत्यारोपणाने बव्हंशी पुसला जातो आणि त्या सर्व पुन्हा टोचून घ्याव्या लागतात, हे पाहता ह्या शब्दप्रयोगास केवळ अलंकार म्हणता येत नाही.

‘ग्राफ्ट’ हा मूळ शब्द बागाइतीतला. मराठीत त्यास ‘कलम’ हा तंतोतंत प्रतिशब्द आहे आणि खुंट व कलम ह्यांचे नाते आंब्याच्या बागा पाहिलेल्या वाचकास समजावून द्यावे लागत नाही. परंतु उपमा एका ठिकाणी तोकडी पडते. आंब्याचे कलम खुंटावर उलटत नाही. मज्जेचे कलम उलटू शकते. उलट, त्याच विरोधी शक्तीने उरलेसुरले रोगग्रस्त पेशीजालही नष्ट होते, म्हणून थोडा उपद्रव इष्टही ठरतो. वैद्य हे तत्त्व म्हणून सांगतो. अंगावर पुरळ उठलेल्या रुग्णास ते पटते, ते बहुधा तसाच पुरळ अनुभवून बऱ्या झालेल्या माणसाच्या तोंडून.

दुसरा वाटा बारीकसारीक अनुभवांचा. गोठवून ठेवलेल्या स्वपेशी परत देताना त्यांच्या रक्षणासाठी मिसळलेल्या द्रव्यामुळे खोलीत लसणासारखा उग्र दर्प सुटतो व एक-दोन दिवस रुग्णाच्या श्वासास येत राहतो. पूर्वी ऐकलेले असले म्हणजे रुग्ण हसून सोडून देतो. नसले म्हणजे काही तरी चुकले असे समजून घाबरतो. मेल्फॅलन हे औषध देताना बर्फाचे तुकडे चघळीत राहावे, म्हणजे तोंडातील रक्तवाहिन्या आकुंचन पावून तोंड येण्याचा त्रास कमी होतो. केस गळू लागण्यापूर्वीच कापून घ्यावेत, म्हणजे उशीवर ते पाहण्याची वेळ येत नाही. शून्य दिवशी काही महत् घडेल अशी अपेक्षा ठेवू नये, कारण खरे कठीण दिवस त्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात येतात. पांढऱ्या पेशींचा आकडा दिवसेंदिवस शून्याजवळ राहतो व मग एके सकाळी हलतो. त्या आधीच्या रात्री सर्वांत लांब असतात. एवढे ज्ञान घेऊन आत जाणाऱ्याचा रोग त्यामुळे कमी होत नाही. परंतु त्याच्या वाट्यास येणाऱ्या घटनांतील अनपेक्षिताचा भाग कमी होतो. भीतीचा मोठा अंश अनपेक्षितातच असतो.

देणाऱ्याच्या बाजूचाही विचार करणे अवश्य आहे. २०१४ मध्ये क्रिस्टीन रीनी आणि सहकारी ह्यांनी प्रत्यारोपण होऊन गेलेल्या व्यक्तींचा एक प्रयोगात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काहींना आपल्या भावना लिहून काढल्यावर पुढील रुग्णांच्या उपयोगासाठी आपला वृत्तान्त लिहिण्यास सांगितले होते. ज्यांचे प्रत्यारोपणोत्तर त्रास मध्यम वा तीव्र होते, अशांच्या मनःक्लेशावर ह्या लेखनाचा हितकर परिणाम दिसून आला. साक्ष देणे हीदेखील पश्चात्कर्माची एक शाखा ठरते, असा त्याचा अर्थ घेता येईल.

६

येथवरच्या विवेचनावरून पूर्वगामींची साक्ष सर्वथैव ग्राह्य आहे, असा ग्रह होण्याचा संभव आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने तेथे थांबावयास हवे. बखरी आणि अस्सल कागदपत्रे ह्यांतील भेद राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्याच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत कठोरपणे मांडला, तो येथे आठवतो. पूर्वगामीचा वृत्तान्त ही बखर होय. ती घटनेनंतर, परिणाम ठाऊक असताना आणि वाचलेल्याकडून सांगितली जाते. जो त्या खोलीतून परतला नाही, त्याची बखर नसते.

ह्या दोषाची किंमत एका प्रकरणात फार मोठी पडली. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून स्तनाच्या प्रगत कर्करोगावर अतितीव्र औषधयोजना करून स्वपेशींचे प्रत्यारोपण करण्याची पद्धत अमेरिकेत झपाट्याने पसरली. आरंभीचे निष्कर्ष आशादायक भासले. परंतु ते निवडक, त्यातल्या त्यात सशक्त रुग्णांवरून काढलेले होते आणि तुलनेसाठी योग्य गट नव्हता. वाचलेल्या स्त्रियांची साक्ष मनापासूनची होती. विमासंस्थांनी खर्च नाकारल्यावर खटले झाले. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातील एका ज्यूरीने मृत स्त्रीच्या कुटुंबीयांस ८ कोटी ९० लक्ष डॉलर द्यावेत असा निर्णय दिला. उपचार मिळणे हा हक्क ठरत चालल्यामुळे तुलनात्मक परीक्षणात सहभागी होण्यास रुग्ण मिळणे दुरापास्त झाले. अखेर १९९९ मध्ये अशा परीक्षणांचे निष्कर्ष पुढे आले. साध्या औषधयोजनेपेक्षा प्रत्यारोपणाने आयुष्य वाढल्याचे त्यांपैकी बहुतेकांत दिसले नाही; दक्षिण आफ्रिकेतील ज्या एका अभ्यासाने लाभ दाखविला होता, त्यातील अप्रामाणिकपणा २००० मध्ये उघडकीस आला. दरम्यान सहस्रावधी स्त्रियांनी ते पूर्वकर्म सोसले होते.

ह्यात पूर्वगामींनी कोणास फसविले असे नाही. आपण प्रत्यारोपण घेतले आणि आपण जिवंत आहोत, ही दोन्ही विधाने सत्य होती. त्यांतील ‘म्हणून’ हे अव्यय मात्र ऐकणाऱ्याने घातले. हाच दोष लहान प्रमाणात इतरत्रही संभवतो. प्रतिकारशक्ती क्षीण असताना कच्ची फळे व भाज्या पूर्णपणे वर्ज्य कराव्यात, हा नियम एका पिढीने दुसऱ्या पिढीस निष्ठेने सांगितला. पुढील काळातील तुलनात्मक अभ्यासांत अशा कडक पथ्याचा निश्चित लाभ दिसून आला नाही. अन्न स्वच्छ व सुरक्षित असणे महत्त्वाचे, असाच त्यांचा रोख आहे. परंपरा प्रेमळ असली तरी ती कालबाह्य होऊ शकते.

उपाय करावा की नाही, ह्या प्रश्नाचे उत्तर दप्तराकडूनच घ्यावे लागते. १९७२ मध्ये बॉर्टिन प्रभृतींच्या पुढाकाराने स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय मज्जारोपण नोंदणी हे असे दप्तर होय; त्यात मृतांचीही गणना होते. उपाय करावयाचा ठरल्यावर तो कसा सोसावा, हे मात्र दप्तर सांगू शकत नाही.

७

ही चिकित्सा मुंबईस आली ती सिअ‍ॅटलमार्गेच. टॉमस ह्यांच्या केंद्रात अनुभव घेऊन परतलेले डॉ. सुरेश अडवाणी ह्यांनी मार्च १९८३ मध्ये परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयात ल्यूकेमिया झालेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीस तिच्या भावाची मज्जा दिली. हे भारतातील पहिले यशस्वी मज्जारोपण मानले जाते. १९८६ मध्ये वेल्लोर येथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयातही हे कार्य सुरू झाले. टाटा रुग्णालयाचा प्रत्यारोपण-विभाग पुढे नवी मुंबईत खारघर येथील केंद्रात गेला.

मुंबईत पूर्वगामींच्या परंपरेने जे रूप घेतले, ते इलिनॉयमधील रूपाहून भिन्न आहे. तेथे रुग्ण रुग्णाशी दूरध्वनीवर बोलतो. येथे बहुतेक वेळा नातेवाईक नातेवाइकाशी बोलतो. परळच्या परिसरात महाराष्ट्राच्या जिल्ह्यांतून, तसेच बिहार, उत्तर प्रदेश व बंगालमधून आलेली कुटुंबे महिनोन्‌महिने राहतात. दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळ येथील नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवासदन ही त्यांची आश्रयस्थाने होत. रुग्ण आत अलग ठेवलेला असतो. बाहेर त्याची आई किंवा भाऊ दुसऱ्याच्या आईस वा भावास विचारीत असतो. प्रश्नही निराळे असतात. प्लेटलेट देण्यास माणसे कोठून आणावयाची? मदतीचा अर्ज कोणत्या विश्वस्तनिधीकडे आणि कोणत्या कागदांसह करावयाचा? आतल्या रुग्णाचे जेवण करताना काय उकळावयाचे आणि कोणते भांडे निराळे ठेवावयाचे? मज्जा देणाऱ्या धाकट्या मुलास किती दुखेल, आणि थोरल्यासाठी धाकट्यास टेबलावर निजवणे योग्य काय? हा शेवटचा प्रश्न आई वैद्यास क्वचितच विचारते. तो ती दुसऱ्या आईस विचारते.

येथील भाषाही संमिश्र आहे. ‘काउंट पडले’, ‘काउंट वर आले’, ‘सेल चढवले’, ‘बीएमटीला घेतले’ ह्यांसारखे प्रयोग करणाऱ्या बाईस ‘अस्थिमज्जा’ हा शब्द परका वाटतो, परंतु ‘काउंट’ ह्या शब्दाने ती एका दिवसाचे सारे सुखदुःख सांगू शकते. सलाइन आणि रक्त ह्यांच्यासाठी रूढ असलेले ‘चढवणे’ हे क्रियापद मूलपेशींसही लागू झाले, ह्यातून प्रधानकर्माचे बाह्य स्वरूप किती साधे आहे, ते नेमके व्यक्त होते. मराठी व हिंदी ह्यांच्या सीमेवरील ही बोली शब्दकोशांत आलेली नाही. धर्मशाळेच्या ओसरीवर मात्र तिच्यावाचून चालत नाही.

संघटित प्रयत्नही झाले. कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था १९६९ पासून मुंबईत रुग्णांस साहाय्य करीत आली. १९९४ मध्ये स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता ह्यांनी ‘व्ही केअर’ ही संस्था स्थापन केली. रोगातून वाचलेल्या स्वयंसेवकांनी नव्या रुग्णांशी बोलावे, हे तिच्या कार्याचे एक अंग होय. परंतु छापील पत्रकांपेक्षा तोंडी परंपराच येथे प्रबळ राहिली. तिचा लाभ असा की, अक्षरओळख नसलेल्यासही ती उपलब्ध असते. तिची हानी अशी की, कुटुंब गावी परतले म्हणजे तिचा तेवढा अंश पुसला जातो.

८

डिसेंबर २०१२ मध्ये जगातील प्रत्यारोपणांची एकूण संख्या दहा लक्षांवर गेल्याचे नोंदले गेले. संपूर्ण जुळणारे भावंड नसले, तरी अर्धी जुळणी असलेल्या आई, बाप किंवा मुलाच्या पेशी आता उपयोगात आणता येतात. अर्थात पूर्वगामींची संख्या वाढली आहे आणि पुढेही वाढणार. १९५७ मधील सहा रुग्णांस जे कोणी देऊ शकत नव्हते, ते आज पुष्कळांस मिळू शकते.

ह्या इतिहासातून निष्पन्न होणारा निर्णय असा की, प्रत्यारोपणाच्या सिद्धतेस दोन प्रकारचे ज्ञान लागते आणि एकाने दुसऱ्याची जागा घेतली म्हणजे अनर्थ होतो. दप्तराने बखरीचे काम करू पाहिले, तर रुग्ण टक्केवारी घेऊन एकटाच खोलीत शिरतो. बखरीने दप्तराचे काम केले, तर १९९० नंतरच्या दशकातील अमेरिकन स्त्रियांची गत होते. सुश्रुताच्या विभागणीस अनुसरून बोलावयाचे तर, पूर्वकर्मातील साहित्याची यादी वैद्याने करावी. त्या यादीत पूर्वगामी माणसाचा समावेश असावा.

मराठीपुरता विचार केल्यास एक कार्य शिल्लक राहते. १९८३ नंतरच्या पहिल्या दशकात परळ येथे ज्यांनी आपली मुले, भावंडे किंवा जोडीदार ह्या उपचारांस सोपविले, त्यांतील अनेक जण आज वार्धक्यात आहेत. काहींची माणसे परत आली. काहींची आली नाहीत. दोहोंची साक्ष नोंदविली गेली पाहिजे, आणि दुसऱ्या वर्गाची अधिक निकडीने, कारण बखर लिहिण्याची प्रेरणा त्यांस नसते. त्यांची बोली जशीच्या तशी, ‘काउंट’ आणि ‘चढवणे’ ह्यांसह, उतरवून घेतली, तर वैद्यकाच्या इतिहासास एक साधन मिळेल, भाषेच्या अभ्यासास दुसरे, आणि खारघरच्या बाह्यरुग्ण-विभागात बसलेल्या एखाद्या आईस, उद्या दार बंद होण्यापूर्वी, वाचावयास काही मिळेल.